बिनसांगाव्याची

"उतरवा म्हणते ना मी तो कोट! आत्ताच्या आत्ता उतरवा!"

"नाय उतरवत. इतके दिवस खुंटीवर टांगून होता, आता काठीवर टांगला. फरक काय पडला?" देवजी अंगणात बसून विळ्याला धार लावत होता. त्याने मान वर केली नाही. "उलट तिथं चार पाखरं तरी हाकलतोय."

"जाणारे-येणारे बघतात."

"बघू देत. त्यांना पण कळंल, आमच्या घरात कोट हाय."

गुणाबाई कुडाशी गेली आणि तिने पुन्हा एकदा माळाकडे पाहिलं. घरामागच्या चढावर नाचणी पिकून उभी होती. तिच्या मधोमध बांबूच्या आडव्या काठीवर पोराचा, नवशाचा, काळा कोट दोन्ही बाह्या पसरून उभा होता. वर डोक्याच्या जागी चुन्याचे डोळे काढलेलं मडकं पालथं घातलेलं. वाऱ्याने बाही हलली की कोणी हात करून बोलावतंय असं वाटायचं.

हा कोट तिने कल्याणहून आणवला होता. जुनाच, कोणा वकिलाच्या अंगावरून उतरलेला, पण कापड दणकट होतं. नवशा सातवीची फायनल पास झाला त्या वर्षीची गोष्ट. किन्हवलीच्या पलीकडच्या त्या लहानशा गावात फायनलपर्यंत पोचलेला कुणब्याचा तो पहिलाच मुलगा. कोट आला तेव्हा शेजारणी हात लावून बघून गेल्या होत्या, आणि गुणाबाईने त्यांना आधी हात धुवायला लावले होते.

"तुमच्या आयशीनं जन्मभर मला बोललं," ती कुडापासूनच म्हणाली, "आता तुमी माझ्या पोराचं बुजगावणं करा."

"पोराचं बुजगावणं मी नाय केलं. ते तू केलंस. मी फकस्त कोटाचं केलं."

हे ऐकून ओटीवर उभी असलेली गोदू हसली. गोदू म्हणजे नवशाची बायको. डोक्याला फडकं बांधून, कमरेला विळा खोचून ती कापणीला निघाली होती. स्वतःच्या शेताच्या नव्हे, पाटलाच्या. घरचं भात अजून थोडं हिरवं होतं, आणि घरात खाणारी तोंडं होती.

"तुला काय झालं गो दात काढायला?"

"काय नाय, आत्याबाई."

"बोल की. जीभ तर लई चालते."

गोदूला एवढंच हवं होतं. "पाटलाच्या शेतात बाया विचारतात मला. तुजा सायब काय करतो म्हणून. मी सांगते, सांगाव्याची वाट बघतो. तर सगळ्या हसतात. म्हणतात, नोकरी मागायला गेला होता का नवरी मागायला? काय सांगू मी त्यांना? तुमीच सांगा, म्हंजे तेच सांगते."

"ज्यांच्या घरात कोणी अक्षर गिरवलं नाय त्यांनी हसू नये, हे सांग. आन तुला लाज वाटत आसंल नवऱ्याची, तर वाट मोकळी हाय माहेरची."

"लाज नवऱ्याची नाय वाटत," गोदू पायरी उतरली आणि अंगणातून पुढे जाताना म्हणाली, "तो बिचारा काय करंल? त्याला बांधून घातलाय."

गुणाबाई तिच्यामागे दोन पावलं गेली, पण तेवढ्यात नवशा घरातून बाहेर आला. उंच पोरगा, दाराच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकायची सवय झालेला. आता बाहेर आला तरी वाकूनच चालायचा. त्याने सगळं ऐकलं होतं. त्या घरात न ऐकण्याजोगी जागा नव्हतीच. त्याने माळाकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं. गुणाबाईला वाटलं, आता हा जाऊन कोट उतरवील, निदान बापावर ओरडेल तरी.

"राहू दे, आये," तो म्हणाला. "तिथं तरी कामाला आला."

आणि तो गुरं सोडायला गोठ्यात गेला.

देवजीचा विळा दगडावर थांबला. पोराच्या आवाजात राग असता तर गुणाबाईला उत्तर सुचलं असतं. रागाला तिच्याकडे नेहमी उत्तर असे. पण तो अगदी खरं मानून बोलला होता.

नवशाला बांधून घातला होता हे खरं होतं, आणि कशाने ते साऱ्या घराला ठाऊक होतं.

दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यापासून सरकारने गावोगावचं भात मोजून घ्यायला सुरुवात केली होती. त्यासाठी गोदामं आली, गोदामावर लिहिणारी माणसं आली. देवजी नवशाला घेऊन शहापूरच्या कचेरीत गेला. तिथल्या अव्वल कारकुनांनी, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, नवशाकडून चार ओळी लिहून घेतल्या. अक्षर पाहून त्यांची मान हलली. "वा! अक्षर छान आहे. जागा निघाली की सांगावा धाडतो," असं ते म्हणाले. बापलेक हवेत तरंगत घरी आले होते.

महिना गेला, दुसरा गेला. देवजी म्हणाला, "पुन्हा एकदा जाऊन येतो."

"नाय," गुणाबाई म्हणाली. "सांगावा धाडतो बोललेत ना? मंग आता त्यांचा सांगावा आल्याबिगर उंबऱ्याला पाय लावायचा नाय."

त्यांच्यात सोयरिकीची रीत तशी होती. मागणी घालायला गेलं आणि समोरचा जाणता माणूस 'सांगावा धाडतो' म्हणाला, की उठायचं, घरी यायचं आणि गप्प बसायचं. त्या गावावरून जायचं झालंच तर वाट वाकडी करून जायचं. सांगावा यायच्या आधी पुन्हा गेलं, तर लोक धरून चालतात की पोरात खोट आहे, कोणी विचारत नाही म्हणून हा उंबरे झिजवतोय. मोठ्या माणसाने शब्द दिला की धरून राहायचं, असं देवजीलाही पटत होतंच. म्हणून पहिलं वर्ष त्याने वाट पाहिली. पुढे मात्र तो कुरकुरू लागला, आणि गुणाबाई अधिकच हट्टाला पेटली. हाताला घट्टे पडले तर कचेरीत काय म्हणतील, म्हणून तिने नवशाला नांगराला हात लावू दिला नाही. एकदा तो कोणाला न सांगता शहापूरच्या वाटेला लागला होता. तिने नदीपाशी गाठून त्याला आपली शपथ घातली आणि परत आणला. तो वळला तो पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

रीत सगळ्यांचीच होती, पण गुणाबाई तिला इतकी घट्ट धरून होती याचं कारण वेगळं होतं. ते सांगायचं तर मुरबाडच्या बाजूला जावं लागतं.

तिचं माहेर सरळगावाजवळचं. आई लहानपणी गेली. रंग काळा, दात किंचित पुढे. तिच्या बरोबरीच्या मुलींना मागण्या आल्या, हिला आली नाही. बाप शेवटी तिला बरोबर घेऊन म्हशाच्या जत्रेत बैल बघायला गेला, तिथे त्याची गाठ देवजीच्या बापाशी पडली, आणि बैलाचं बोलणं संपल्यावर त्यानेच पोरीचं बोलणं काढलं. मुलीच्या बापाने असा शब्द टाकावा ही आधीच उलटी गोष्ट. देवजीचा बाप म्हणाला, सांगावा धाडतो. सांगावा आला नाही. मग गुणाबाईचा बाप आपण होऊन त्यांच्या ओटीवर येऊन बसला. घोंगडीची घडी मांडीवर घेऊन बसला, पाणी प्याला, इकडचं तिकडचं बोलला आणि गेला. थोड्या दिवसांनी पुन्हा आला. पुन्हा तसाच बसला. तेव्हा कुठे लग्न ठरलं.

सासूने ते आतून पाहिलं होतं, आणि विसरायचं नाही असं ठरवलं होतं. भाताला करपट वास आला, "चालायचंच, बिनसांगाव्याची हाय." गुणाबाईला लवकर मूल होईना, "बिनसांगाव्याचीला देव तरी कसा सांगावा धाडंल?" पुढे नवस करून नवशा झाला, तेव्हा बारशाला जमलेल्या बायांसमोर म्हातारी म्हणाली, "हा तरी बोलावून आला, आयशीसारखा नाय." बाया हसल्या. गुणाबाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, तीही हसली, कारण न हसणं जास्त दिसलं असतं.

म्हातारी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो शब्द काही तिच्याबरोबर गेला नाही. माझ्या पोराला हे नाव कोणी ठेवायचं नाही, एवढं एकच गुणाबाईने मनाशी धरलं होतं, आणि ते तिला शहाणपणाचं वाटत होतं.

बाजाराच्या दिवशी ती उठली तीच कामाचा धडाका लावत. "मीठ संपलंय. सुकट पण नाय. शहापूरला जाऊन येते," तिने सांगितलं. मीठ खरंच संपलं होतं. पण पाटीत फडक्याखाली तिने गोदूच्या मजुरीत आलेल्या नव्या भाताचे पोहे बांधून घेतले होते. आदल्या दिवशी गोदूला वगळून ती एकटीच ते कांडत बसली होती. वाटेने ती मनाला समजावत होती, आपण काही मागायला जात नाही. बाई बाईकडे जाते, दिवाळीचे पोहे देते, ख्यालीखुशाली विचारते. मागच्या दाराने गेलेलं कोणी मोजत नाही.

भाऊसाहेबांचं बिऱ्हाड कचेरीमागच्या आळीत होतं. गुणाबाई परसात शिरली तेव्हा भाऊसाहेबांची बायको दिव्यांच्या काचा राखेने पुसत बसली होती. चाळिशीची, हडकुळी, हातात कायम काम असणारी बाई.

"कोण पाहिजे?"

"पोहे आणलेत, बाईसाहेब. दिवाळीचे. नव्या भाताचे."

"ठेवा तिथे," बाईंनी कोपराने दार दाखवलं.

दाराच्या आत फळी होती. फळीवर फडक्यात बांधलेल्या पोह्यांच्या पुरचुंड्या एकीला एक लागून बसल्या होत्या. कोणाचं फडकं लाल, कोणाचं पट्ट्यापट्ट्यांचं. गुणाबाईने आपली पुरचुंडी त्यांच्या शेवटी ठेवली. एवढ्या बाया इथे येऊन गेल्या होत्या. कोणाला कोणी बोलावलं होतं?

"कुठल्या तुम्ही?"

"किन्हवलीच्या पलीकडची. नवशाची आई. नवशा देवजी. भाऊसाहेबांनी लिवून घेतलं होतं त्याच्याकडनं, मागल्या वर्साच्या आधी."

बाईंनी काच खाली ठेवली. "थांबा हं. उंच? जरा वाकून चालणारा? अक्षर सुरेख असलेला?"

गुणाबाईचा जीव सुपाएवढा झाला. "तोच, तोच."

"मग तो आला का नाही हो?"

"कुठं?"

"कुठं म्हणजे? इथे. ह्यांनी दोनदा नाव काढलं त्याचं. गोदामावरची जागा निघाली तेव्हा म्हणाले, त्या पोराला निरोप द्यायला पाहिजे. तुमच्या बाजूला जाणारं कोणी भेटेना. ह्यांच्या मागे कामं थोडी का असतात? त्या दिवशी दुसरा एक मुलगा ओसरीवर बसला होता. त्यालाच म्हणाले, चल. पुढच्या जागेलाही तसंच झालं."

पायरीवर बसायला सांगितलं नव्हतं, तरी ती बसली.

"मी म्हटलं ह्यांना," बाई पुढची काच उचलत म्हणाल्या, "घरचं भरपूर असेल, मुलाला गरज नसेल. तर हे म्हणाले, गरज कसली, घमेंड असेल. फायनल झाला ना!"

घमेंड. गुणाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उभ्या जन्मात तिच्या घराला लोकांनी काय काय म्हटलं होतं, पण हे कोणी म्हटलं नव्हतं. जगाने आपल्याला भुकेलं म्हणू नये म्हणून ती पोराला दाराआड दडवून बसली होती, आणि जग म्हणत होतं, माजलेत.

"तसं नाय, बाईसाहेब. भाऊसाहेब बोलले होते, सांगावा धाडतो. आमच्यात रीत हाय, सांगावा येईस्तोवर पुन्हा जात नाय. पोराची किंमत जाते."

बाई हसल्या. हसू वाईट नव्हतं, चटकन आलेलं होतं. "अहो, नोकरी आहे ती. लग्न का ठरवायचंय?"

पाटलाच्या शेतातल्या अडाणी बायांनी हेच म्हटलं होतं. हेच गोदूने घरात आणून सांगितलं, तेव्हा तिला माहेरची वाट दाखवली होती.

बाईंनी तिचा चेहरा पाहिला असावा, कारण त्यांचं हसू ओसरलं. त्या आत जाऊन चहा घेऊन आल्या. कान तुटलेला कप पायरीवर ठेवत आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघा, मी सांगितलं असं कुठे बोलू नका. मुरबाडला नवं गोदाम उघडतंय. माणसं घ्यायची आहेत, काल जेवताना म्हणत होते हे. तिथे कोणाची ओळख लागत नाही, पण पोराने जाऊन उभं राहिलं पाहिजे. नाही म्हणाले तर पुन्हा जायचं. ओसरीवर बसायचं. दिसत राहायचं. मुलं तेच करतात."

चहा गोड होता. गुणाबाईने तो संपवला आणि कप विसळून पालथा घातला.

निघताना ती मुद्दाम पुढच्या बाजूने गेली. ओसरीवर तीन-चार पोरं बसली होती. एकाच्या कोटाच्या बाह्या कोपरापाशीच संपत होत्या. एकजण टोपीत शेंगा घेऊन फोलपटं उडवत होता, आणि दुसऱ्याने काहीतरी म्हटलं त्यावर सगळे खिदळत होते. कोणाच्या तोंडावर लाज नव्हती. कोणाची किंमत गेलेली दिसत नव्हती. यातल्याच एका जागेवर नवशा बसला असता. शेंगा खाल्ल्या असत्या, हसला असता. कदाचित वाकून चालायचा राहिला असता.

परतीची वाट तिने कशी कापली हे तिचं तिलाच कळलं नाही. नदीपाशी मात्र थांबली. इथेच तिने पोराचा हात धरला होता. त्याने तेव्हा विचारलं होतं, "आये, नुसतं विचारून येतो. विचारलं तर काय होईल?" आणि ती म्हणाली होती, "लोक हसतील." यापलीकडे तिच्याकडे कारण नव्हतं. तेव्हाही नव्हतं.

घराकडे वळायच्या आधी ती माळावर चढली. बुजगावण्याच्या खांद्यावर एक चिमणी निवांत बसून नाचणीचं कणीस टिपत होती. तिने कोट उतरवला, झटकला. मडकं काठीवर तसंच राहू दिलं.

आत चुलीपाशी सगळे जमले होते. गोदू भाकरी थापत होती, देवजी आणि नवशा पाटावर बसले होते. गुणाबाईने रिकामी पाटी कोपऱ्यात ठेवली आणि कोट मांडीवर घेऊन भिंतीशी बसली. तिचा बाप घोंगडी घेऊन बसायचा, अगदी तशीच.

"मीठ?" गोदूने विचारलं.

गुणाबाईने पाटीकडे पाहिलं. मीठ राहिलं होतं. सुकटही.

"मीठ आणायला गेली आन कोट घेऊन आली," देवजी म्हणाला. "बाजारात काय कोटच मिळतात का आता?"

"भाऊसाहेबांकडे गेले होते," ती म्हणाली.

गोदूचा हात परातीत थांबला. मग गुणाबाईने सगळं सांगितलं. मागच्या दाराने गेले ते, पोह्यांच्या पुरचुंड्या, ओसरीवरची पोरं. दोन जागा निघाल्या आणि दोन्ही गेल्या, हेही सांगितलं. घमेंड हा शब्द सांगताना ती अडखळली, पण तोही सांगितला. नवशाकडे तिने पाहिलं नाही. तो ताटातल्या भाजीवर बोट ठेवून बसला होता.

"बाया काय वेगळं बोलत होत्या?" गोदू हळूच म्हणाली. त्यात जिंकल्याचा सूर नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

देवजीने चुलीतलं लाकूड आत सारलं. "तुजा बापूस," तो एकदम म्हणाला, "दुसऱ्यांदा आला नसता ना, तर सांगावा कवाच गेला नसता. आमचा बाबा पार विसरून गेला होता. जत्रेत बैलाचं बोलणं झालं तेवढंच त्याच्या ध्यानात. मी तुला जत्रेत बघितलं होतं. रोज वाट बघायचो, कोण येतंय का. म्हातारा ओटीवर येऊन बसला तवा माझ्या जिवात जीव आला."

"हे तुमी आज सांगता?"

"कवा सांगणार? आयशीपुढं?"

"आयशी मेल्यावर?"

देवजीने मान खाली घातली. गुणाबाईला हायसं वाटायला हवं होतं, पण तसं झालं नाही. बाप किती वेळा आला, कसा बसला, यावर ती जन्मभर मनातल्या मनात पदर ओढत आली होती. लग्नानंतर म्हातारा लेकीला भेटायला तिच्या अंगणात येऊन उभा राहायचा, तर ती त्याला म्हणायची, "कशाला येता न बोलावता?" पुढे पुढे तो येईनासा झाला. तो मेल्याचा सांगावा मात्र वेळेवर आला होता.

चुलीवरची भाकरी करपू लागली. गोदूने ती चटकन काढली. कोणी काही म्हटलं नाही.

गुणाबाई उठली. तिने कोट खुंटीला अडकवला नाही, नवशाच्या पाटाशेजारी ठेवला.

"उद्या पहाटे नवशा मुरबाडला जातो," ती म्हणाली. "मी संगती जाते. वाटेत सरळगावला थांबायचं, माझ्या भावाच्या घरी. नाय म्हणाले तर तिथंच राहायचं आन रोज जायचं. गोदू उद्यापासून पाटलाच्या शेतात जाणार नाय, घरचं भात कापायला झालंय. तुमी दोघं कापा. मीठ नाय, उद्या आळणी खा."